जड सायकल

"लई जड चालती बरं का. आमचं मालक सोडलं तर कुणी हात लावायचं न्हाई तिला."

सायकल विकताना आजींनी एवढीच माहिती दिली. गडहिंग्लजकडच्या एका गावात जुनं घर पाडायला काढलं होतं. गोठ्यावरच्या माळ्यातून वाशांचे तुकडे, मोडका पाळणा, फुटका कंदील खाली आला आणि त्यांच्या मागोमाग ही सायकल. भंगारवाल्यानं वजनावर हिशेब करून सातशे सांगितले होते. मी दीड हजार काढून दिले, तेव्हा आजींनी पैसे मोजायच्या आधी माझ्याकडेच जरा काळजीनं बघितलं.

अंगभर पोपटी ऑइलपेंट फासलेली, टायर कुजून रिमला चिकटलेले, सीटच्या कातड्याची लक्तरं. तरी मला ती सोडवेना, कारण चेनव्हील, म्हणजे पायडलाजवळचं साखळीचं मोठं चक्र. जुन्या विलायती कंपन्यांना आपली खूण चेनव्हीलच्या पत्र्यातच कापायची हौस होती. बीएसएच्या चक्रात तीन अक्षरं दिसतात, हंबरच्या चक्रात माणसांची रांग. इथं पोपटी रंगाच्या थराखालून लांब मान आणि चोच ओळखू येत होती, तीन ठिकाणी. बगळा. म्हणजे रॅले.

घरी आणली आणि पहिला आठवडा पान्ह्याला हात लावला नाही. नुसता स्टूल टाकून बघत बसायचो. बायको म्हणाली, "पूजा घालायची राहिलीय का?" पण हे बघत बसणं मी पैसे मोजून शिकलोय. तीन वर्षांपूर्वी पहिली सायकल हाताशी आली होती, बीएसए. उत्साह एवढा, की दोन दिवसांत सगळी खोलून फ्रेम सरळ सँडब्लास्टिंगला दिली आणि वर पावडर कोटिंग मारून आणलं. काम करणाऱ्याची काही चूक नव्हती, त्यानं सांगितलं तेवढंच केलं. डोक्याच्या नळीवरचं तीन बंदुकांचं चित्र गेलं, सोनेरी रेघा गेल्या, जोडांच्या नक्षीत रंग भरून त्या लाडवासारख्या गोल झाल्या. सीटखाली ठोकलेला फ्रेमचा नंबरसुद्धा अर्धा बुजला. आता ती सायकल हॉलमध्ये उभी असते. येणारा-जाणारा "वा, नवी घेतली?" म्हणतो.

त्यामुळं ही सायकल आधी बघायची होती. मागच्या चाकाचा हब, म्हणजे आरे जिथून निघतात तो मधला गड्डा, नेहमीपेक्षा फुगीर वाटला. डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीनं पुसत गेलो (रॉकेल आता मिळतंय कुठं?) तशी अक्षरं वर आली: स्टर्मी-आर्चर, एडब्ल्यू, आणि पुढं ५१ आणि ३. तीन गिअरचा हब, १९५१ सालच्या मार्चमधला. हबवर साल आणि महिना ठोकायची या कंपनीची पद्धत म्हणजे आमच्यासारख्यांना जन्मदाखलाच. सायकलही त्याच सुमाराची धरायला हरकत नाही. डोक्याच्या बिल्ल्यावर नॉटिंगहॅम, इंग्लंड होतं. त्यानंतर आपल्याकडं आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना सुरू झाला आणि बगळा देशी झाला. ही त्याच्या आधीची, बोटीतून आलेली.

मागच्या आसाच्या उजव्या चक्रीला, म्हणजे नटाला, एक खिडकी होती. त्या खिडकीत, पोकळ आसातून, बोटभर लांबीची बारीक साखळी बाहेर यायला हवी. हँडलवरची कळ तार ओढते, तार साखळीला ओढते आणि आत गिअर बदलतो. इथं साखळी नव्हती. कळ नव्हती, तार नव्हती, तारेच्या पुलीचा नळीवर नुसता ठसा. या हबची रचना अशी, की तार पूर्ण ताणली तर पहिला गिअर, थोडी सोडली तर दुसरा, आणि अगदीच ढिली किंवा तुटलेली असेल तर तिसरा. सर्वात जड तो.

खात्री करायला टायरवर खडूची खूण केली. पुढं ४६ दात, मागं १८. सरळ चालीत पायडलाच्या एका फेऱ्याला चाकाचे अडीच फेरे आणि वर थोडं, एवढंच व्हायला पाहिजे. पायडल सावकाश एक फेरा फिरवलं. चाकाचे तीन फेरे झाले आणि खूण चौथ्यातही अर्ध्याच्या जवळ जाऊन थांबली. मी स्टुलावर बसून राहिलो. आजींचे मालक किती वर्षं, मळ्यातून बाजारात आणि बाजारातून मळ्यात, चढाला, समोरच्या वाऱ्यात, कॅरिअरवर वैरणीचा भारा घेऊन, तिसऱ्या गिअरवर गेले असतील? आणि घरात सगळ्यांनी ठरवून टाकलेलं, सायकलच जड.

आमच्या गल्लीच्या तोंडाला अण्णांचं दुकान आहे. वय पंच्याहत्तरच्या पुढं. एके काळी तासावर सायकली भाड्यानं द्यायचे, आता दिवसाला दोन पंक्चर आणि उरलेला वेळ पेपर. त्यांना खडूची गोष्ट सांगितली. म्हणाले, "साखळी तुटली असणार आणि इथं कुठं मिळणार? मिस्तरीनं काढून फेकून दिली. चालती ना? मग झालं." त्यांना त्यात काही दुःखद वाटलं नाही.

खोलायला घेतली तर पहिला अडसर कॉटरचा. हल्लीच्या पोरांना कॉटर माहीत नसतो. क्रँक आसावर घट्ट बसावा म्हणून एका बाजूनं सपाट तासलेली लोखंडी खुंटी आडवी ठोकलेली असते, तिला खालून नट. सत्तर वर्षं बसलेली खुंटी नुसत्या हातोडीनं काढायला गेलो, तर डोकं कुत्र्याच्या छत्रीसारखं पसरलं आणि खुंटी जागची हलली नाही. अण्णांनी दुकानातून येऊन बघितलं आणि हातोडी काढून घेतली. क्रँकच्या खाली लोखंडी नळकांडं जमिनीला टेकवून उभं केलं, म्हणजे घाव छर्‍यांवर न जाता सरळ जमिनीत जातो. नट आट्यांच्या टोकापर्यंत आणून ठेवला. दोन रात्री डिझेल पाजलं. मग एकच घाव, मोठ्या हातोडीनं. "टुकूटुकू मारलं की ती आणखी रुतती," ते म्हणाले. डावी निघाली. उजवीचं डोकं मी आधीच बिघडवून ठेवलेलं, ती तुटली आणि ड्रिल मारून काढावी लागली. त्यात एक रविवार गेला.

बीबी, म्हणजे पायडलांचा आस फिरतो ती फ्रेमच्या तळाची नळी, उघडली आणि आत सापडलं एक अख्खं प्रकरण. छर्रे मोजले: उजवीकडं अकरा, डावीकडं नऊ, त्यांतले दोन मापानं बारीक. एका बाजूला पाव इंचाचे अकरा लागतात. पण छर्‍यांचं काय, ते पेपरच्या पुडीत मिळतात. डावा कप, म्हणजे छर्रे आत धरणारं आट्यांचं झाकण, हातानंच गोल फिरत होता. काढला तर त्याचे आटे कानशीनं तासून टाकलेले, वर सुती दोरा गुंडाळलेला आणि दोऱ्यावर नळजोडणीत लावतात तसा सफेदा. वाळून दगड झालेला. मला हसू आलं आणि रागही. दुकानातून नवा कप आणून लावायला गेलो, तेव्हा दोन्ही ओसरलं. कप दोन फेरे गेला आणि अडला. जोर लावला तर फ्रेमचेच आटे जातील, हे हाताला कळत होतं.

आटे मोजायची पट्टी लावली. मी आणलेला कप इंचाला २४ आट्यांचा, बीएसएच्या मापाचा. फ्रेम २६ ची. रॅलेनं आपल्या कारखान्यापुरतं माप वेगळं ठेवलं होतं. व्यास तोच, त्यामुळं बघणाऱ्याला कप सारखाच वाटतो आणि दोन फेऱ्यांनंतर फसवतो. त्या अनोळखी मिस्तरीचंही नेमकं हेच झालं असणार. अण्णा दोरा बोटात धरून म्हणाले, "शिव्या देऊ नका त्याला. त्याच्याकडं कप नव्हता आणि गिऱ्हाइकाला अंधार पडायच्या आत घरी जायचं होतं."

आपण कोल्हापुरात राहतो याचा उपयोग अशा वेळी होतो. शिवाजी उद्यमनगरात लेथवर हात बसलेली माणसं गल्लीगल्लीत आहेत. पण वीस रुपयांच्या वस्तूसाठी लेथ कोण थांबवणार? तिसऱ्या कारखान्यात एकजण भेटला. पंपाचे पार्ट बनवतो. जुना इंचाचा लेथ, इंग्रजी मापाचा. "सव्वीस आटं? ह्ये कुणाचं खूळ?" म्हणाला. मी बगळ्याची गोष्ट सांगितली. त्याला सायकलीचं काही नव्हतं, पण सव्वीसचा आकडा त्याच्या गिअरपेटीच्या पाटीवर होता आणि तो कधी लावला नव्हता, हे त्याला खटकलं. शनिवारी दुपारी ये म्हणाला.

त्या दुपारी मी तिथं तीन तास उभा होतो. एन-३१, म्हणजे बेअरिंगला वापरतात ते पोलाद, त्याचा तुकडा लावला. त्यानं एक नाही, दोन कप कापले. पहिल्याच्या आट्यांवर उभ्या चार खाचा मारल्या. तो नुसता हत्यार म्हणून. फ्रेमच्या तोंडाशी आधीच्या झटापटीत मेलेले दोन-तीन आटे त्या खाचांच्या कपानं, तेल सोडत, अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं करत त्यानं साफ केले. बारीक काळा चुरा बाहेर आला, सफेद्याचे कणही. दुसरा कप खरा. छर्रे जिथं फिरतात ती वाटी त्यानं आधी कापली, मग कप गॅसच्या ज्योतीवर लाल केला, अगदी पिकलेल्या टोमॅटोसारखा, आणि चिमट्यानं उचलून तेलात सोडला. फस्स झालं, धूर, जळक्या तेलाचा वास. मग मंद ताव देऊन पॉलिश पेपर. फ्रेमला लावला तो बोटानं आत गेला, शेवटपर्यंत. तो माणूस काही बोलला नाही. बाहेर काढला आणि पुन्हा बोटानंच आत घातला, निव्वळ मजा म्हणून. पैसे विचारले तर म्हणाला, "पंपाच्या बिलात धरतो." माझा पंप कुठला? चहा मात्र मला पाजू दिला.

हबची मला भीती होती. आत सूर्य आणि ग्रह असतात असं वाचलेलं. मधला आस हाच सूर्य, त्याच्यावर २० दात कापलेले. त्याच्याभोवती चार ग्रह, प्रत्येकी २० दातांचे. बाहेरून ६० दातांचं कडं. कडं फिरवून ग्रहांच्या पिंजऱ्यातून शक्ती काढली तर चाक पाऊण पटीनं फिरतं, उलटं केलं तर सव्वापटीहून थोडं जास्त, आणि दोन्ही टाळलं तर सरळ. हे गणित एवढं साधं की कागदावर बघून आपल्याला का सुचलं नाही असं वाटावं. कंपनीला नाव स्टर्मी आणि आर्चर या दोघांचं. पण ज्याचं डोकं चाललं तो विल्यम रायली. त्याचे हक्क आधीच्या एका कंपनीकडं बांधलेले होते म्हणून १९०२ च्या सुमाराचं पेटंट आर्चरच्या नावावर गेलं. सायकलीच्या धंद्यात खरं काम करणाऱ्याचं नाव पुसलं जाणं नॉटिंगहॅमपासूनच चालत आलंय.

उजवीकडचं छर्‍यांचं कडं काढायच्या आधी हबवर आणि कड्यावर समोरासमोर एकेक टिंब ठोकून ठेवायचं. त्या कड्याला दुहेरी आटे असतात. चुकीच्या तोंडातून परत लावलं तर चाकच एका अंगाला सरकतं. टिंबं ठोकली, पंचानं कडं सैल केलं आणि आतला सगळा गोळा बाहेर काढला. गोळाच म्हणायचा. कुणीतरी प्रेमानं भरभरून ग्रीस कोंबलं होतं आणि ते वाळून गुऱ्हाळातल्या कढईच्या काठाला जळकी काकवी चिकटते तसं झालेलं. या हबला ग्रीस आत चालत नाही. पातळ तेल लागतं, त्यासाठी हबच्या अंगावर टोपणाचं भोकच ठेवलेलं असतं. घट्ट ग्रीसमध्ये आतल्या कुत्र्या, म्हणजे ज्या उठून दातांना अडकतात त्या बारीक जिभा, चिकटून बसतात.

कुत्र्या चार. प्रत्येकीला केसाएवढी स्प्रिंग. डिझेलमध्ये धुऊन पांढऱ्या फडक्यावर मांडल्या तेव्हा दिसलं, तीन स्प्रिंगा एका जातीच्या, चौथी वेगळी. ती कुणीतरी हातानं वळवलेली. तार चांगल्या प्रतीची, चकचकीत, दोन्ही टोकं नीट मोडलेली. मिरज इथून जवळ, त्यामुळं मला ती सतारीची तार वाटली. पुरावा काही नाही. बदलायला नवी स्प्रिंग माझ्याकडं होती, परदेशातून मागवलेल्या पुडीत. भिंगाखाली दोन्ही बघितल्या आणि पुडी बंद करून ठेवली. ती तार अजून आत आहे.

तसाच भोकाचा पैसा. पुढच्या आसाला, मडगार्डच्या काडीवर वायसर म्हणून तो बसला होता. काळाकुट्ट. चिंच चोळल्यावर १९४४ दिसलं, वर मुकुट, मागं वेलीचं कडं. युद्धाच्या काळात तांबं वाचवायला सरकारनं मधोमध भोक पाडलं आणि लोकांना आयता वायसर मिळाला, असं लहानपणी ऐकायचो. बघितला पहिल्यांदा. तोही जागेवर गेला. तोपर्यंत माझं एक धोरण ठरत आलं होतं: जे निकामी आहे ते बदलायचं, जे चालतंय आणि ज्यात कुणाचं डोकं दिसतंय ते ठेवायचं. दोऱ्याचा कप गेला, तार राहिली, पैसा राहिला. या धोरणावर मी जरा खूशही होतो.

त्याच धोरणात पोपटी रंग बसत नव्हता. तो ब्रशनं फासलेला, ओघळ आलेला, घरच्या दारांचा रंग. खालचा मूळ काळा रंग कारखान्यातल्या भट्टीत भाजलेला, काचेसारखा कडक. त्याच भरवशावर वरचा थर काढता येतो. थिनर नको, तो खालच्या रेघाही खातो. टर्पेंटाइनचा बोळा दहा मिनिटं दाबून ठेवायचा, रंग फुगला की जुन्या एटीएम कार्डाच्या काठानं, नखाएवढ्या जागेतून, उचलायचा. रोज रात्री जेवण झाल्यावर वीतभर. दोन महिने लागले. एका रात्री आडव्या नळीवर सोनेरी रेघ दिसली, दोन पदरी, एक जाड एक बारीक. त्या रात्री दीड वाजेपर्यंत बसलो आणि घाईत सीटच्या नळीवरची चार इंच रेघ खरवडून घालवलीही. ती आता दिसते, नसलेली.

चेनकेसवर पोपटीखाली पांढरी अक्षरं निघाली. पाटी रंगवणाऱ्याच्या हातची, सावली दिलेली. सुरुवात गंजानं खाल्लेली, शेवटचं तेवढं शाबूत: "कर". आजींचं आडनाव काही "कर"नं संपत नाही. म्हणजे त्यांच्या मालकांनी सायकल कुणाकडून तरी जुनी घेतलेली. पहिल्या मालकाचा शोध घ्यावा असं क्षणभर वाटलं. पण महाराष्ट्रात "कर" एवढ्या धाग्यावर माणूस शोधायला निघायचं म्हणजे गावागणिक थांबावं लागेल.

उरलेला गंज ऑक्झॅलिक अॅसिडच्या पाण्यात गेला. हातमोजे घालून, गच्चीत. हँडलचं क्रोम सुटलं तिथं सुटू दिलं.

सीट ब्रुक्स या जुन्या विलायती कंपनीची होती, म्हणजे मागच्या पितळी पट्टीवर तसं नाव होतं आणि स्प्रिंगा शाबूत होत्या. कातडं संपलेलं. नवी ब्रुक्स घ्यायची तर सायकलीच्या कितीतरी पट पैसे. सांगाड्याकडं बघता बघता डोक्यात आलं, जाड, झाडाच्या सालीत कमावलेलं कातडं हवंय आणि आपण राहतो कुठं? कोल्हापुरी पायताणाचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांतच कमावतात. एका कारागिराकडं सांगाडा घेऊन गेलो. त्यानं तो उलटासुलटा केला, स्प्रिंग दाबून बघितली आणि म्हणाला, "पायतान पायाला बसवतो, ह्ये बुडाला बसवायचं. माप तेवढं तुमचं घ्यावं लागंल." म्हशीचं तळव्याचं कातडं, पाच मिलिमीटरच्या आसपास. रात्रभर भिजवून, लाकडाच्या ठोकळ्यावर ताणून, कडेनं सुतळीनं आवळून चार दिवस सावलीत. मग तांब्याच्या रिव्हेटी. त्यानं कडेला पायताणासारखी वेणीची शिवण घातली होती, न विचारता. नॉटिंगहॅमला ती चालली नसती. मला चालली. एरंडेल थोडंच पाज म्हणाला, जास्त पाजलं तर सीट झोळी होईल.

चाकांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अठ्ठावीस दीडची रिम, पुढं ३२ आणि मागं ४० आरे, टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, सगळं साध्या दुकानात मिळतं, कारण दूधवाल्यांच्या आणि गॅसवाल्यांच्या सायकली आजही त्याच मापाच्या. गिअरची साखळी आणि कळ मात्र मागवावी लागली. ती कंपनी आता तैवानात आहे, पण सत्तर वर्षांपूर्वीच्या हबमध्ये आजची साखळी आट्यांना आटे लागून गेली. आरे मी भरले, आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, अण्णांनी काढला. ते आरे बोटानं छेडत जातात आणि आवाजावरून ढिला कुठला ते सांगतात. मला सगळे सारखेच ऐकू येतात.

नव्या कॉटरचं तोंड कानशीनं तासून बसवलं. दोन्हींचा उतार सारखा नसेल तर क्रँक समोरासमोर येत नाहीत, एक पाय बारावर आणि दुसरा साडेसहाच्या किंचित अलीकडं. तिसऱ्या खेपेला जमलं.

पहिली फेरी एका रविवारी पहाटे, रंकाळ्याला. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यापाशी म्हशीच्या धारा चालल्या होत्या. सायकलीचा टिकटिक आवाज ऐकून एकानं मान वळवली, "भावा, आवाज भारीय!" पहिला गिअर टाकला आणि चढाला पाय असा काही फिरला की मीच दचकलो. वीस किलोची ही धूड लोण्यासारखी चालली होती. दुसरा टाकला, मस्त. तिसरा टाकायला कळ दाबली, पायडलावर उभा राहिलो आणि पाय पोकळीत गेला. नडगी पायडलावर, बाकीचं आडव्या नळीवर. जास्त वर्णन करत नाही. या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये एक जागा असते जिथं काहीच अडकलेलं नसतं. तारेचं माप नीट नसेल तर तुम्ही तिथंच सापडता. संध्यामठाच्या बाजूच्या बाकावर बसून, दुसरा गिअर लावून, चक्रीच्या खिडकीतून बघितलं. साखळी जिथं दांडीला जोडते तो खांदा आसाच्या टोकाच्या बरोबर पातळीत दिसला पाहिजे. माझा तांदळाच्या दाण्याएवढा बाहेर होता. तार थोडी ढिली केली, खांदा जागेवर आला आणि मग तळ्याला तीन फेऱ्या मारल्या.

आजींना दाखवायची होती. त्यांच्या नातवाला फोन केला, त्यानं व्हिडिओ लावून फोन त्यांच्यापुढं धरला. मी अभिमानानं कॅमेरा फिरवला, काळी झळझळीत फ्रेम, सोनेरी रेघा, बगळा, गिअर बदलून दाखवला. आता हलकी झालीय म्हणालो. त्या डोळे बारीक करून बघत होत्या.

"आनि हिरवी?"

"हिरवी म्हणजे?"

"रंग वो. थोरलीच्या लग्नात दारं-खिडक्या रंगवल्या, त्यातला उरलेला. मालकांनी रात्री कंदील लावून सायकल रंगवली. नव्या पावण्यांपुढं काळी बरी दिसत न्हाई म्हणून. आमी हसलो, तर चार दिस बोललं न्हाईत." एवढं बोलून त्या पुन्हा हसल्या. मग म्हणाल्या, "चांगली केलीसा. लई चकचकीत झालीया." आणि फोन नातवाकडं दिला.

त्या आठवड्यात सायकलीला हात लावला नाही. पुढच्या रविवारी कळंब्यापर्यंत जाऊन आलो, तर उजव्या पायडलाला, फेऱ्याच्या एकाच जागी, टक्. पुन्हा टक्. कॉटर. नवा कॉटर पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर एकदा ठोकून नट आवळायचा असतो, अण्णांनी दोनदा बजावलं होतं. गच्चीत सायकल आडवी केली. बीबीच्या पोटाला, आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या आतल्या अंगाला, जिथं कार्ड पोचलं नव्हतं, पोपटी रंग तसाच होता. ब्रशचे केस उमटलेले, एक ओघळ अर्ध्यात थांबलेला. तिथलं साफ करायचं काम मी निवांत वेळेसाठी राखून ठेवलं होतं. टर्पेंटाइनची बाटली कपाटात परत ठेवली, क्रँकखाली नळकांडं लावलं आणि मोठी हातोडी घेतली.